छापता न येणारी भाषा

नोव्हेंबर १९६०. मॉस्कोच्या 'इनोस्त्रान्नाया लितेरातुरा' या मासिकाच्या अंकात न्यूयॉर्कचा एक पोरगा रशियन बोलू लागला. शाळेतून काढून टाकलेला, घरी तोंड दाखवायचं टाळत शहरभर भटकणारा, मोठ्या माणसांच्या ढोंगाला विटलेला. होल्डन कॉलफील्ड त्याचं नाव. जे. डी. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' अमेरिकेत १९५१ साली निघाली, तेव्हा तिथल्या अनेक शाळांनी तिच्या भाषेवरून नाकं मुरडली होती, काहींनी तर ती ग्रंथालयातून हद्दपारच केली. आणि सोव्हिएत छापखान्याचं सोवळं अमेरिकेतल्या कुठल्याही मुख्याध्यापकापेक्षा कडक.

'इनोस्त्रान्नाया लितेरातुरा' म्हणजे परदेशी साहित्य. त्यासाठीच हे मासिक १९५५ साली सुरू झालं होतं. स्टालिन जाऊन काही वर्षं लोटली होती, ख्रुश्चॉव्हच्या काळातली हवा जराशी सैल होती. भांडवलशाही समाज आतून किती पोकळ आहे हे अमेरिकन पोराच्याच तोंडून ऐकवता येतं, हा युक्तिवाद कादंबरीच्या उपयोगी पडला. सोबत वेरा पानोवा या नावाजलेल्या लेखिकेचं टिपण होतं. सॅलिंजरची परवानगी वगैरे विचारायचा प्रश्नच नव्हता. सोव्हिएत संघ जागतिक कॉपीराइट करारात सामील झाला तो १९७३ साली. तोवर परदेशी लेखकाचं पुस्तक अनुवादून खुशाल छापता येत असे.

होल्डनला रशियन जीभ दिली रीता राइट-कोवाल्योवा यांनी. वय बासष्ट. शिक्षण वैद्यकाचं. तरुणपणी कवी मायाकोव्हस्कीच्या वर्तुळात वावरलेल्या. १९२१ साली कॉमिन्टर्नच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या, अधिवेशनाला आलेल्या पाहुण्यांसाठी त्यांनी मायाकोव्हस्कीच्या 'मिस्तेरिया-बूफ' नाटकाचा जर्मन अनुवाद केला होता. अमेरिका त्यांनी तोवर पाहिलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचं बोलणं कानावर पडायची सोय मॉस्कोत नव्हती. कोशात सापडतो तो शब्दाचा अर्थ. तो शब्द कोण, कुणासमोर, कोणत्या तोंडाने उच्चारतो, हे कोश सांगत नाही.

बरं, रशियनमध्ये असल्या बोलीचा दुष्काळ आहे असं म्हणावं, तर तसंही नाही. 'मात' नावाचा शिव्यांचा एक अख्खा प्रदेश त्या भाषेत वसलेला आहे. मूळ धातू मोजकेच, पण रशियन भाषा त्यांना उपसर्ग आणि प्रत्यय जोडत जाते आणि त्यातून क्रियापदं, नामं, विशेषणं, उद्गार असं सगळं व्याकरणच तयार होतं. बराकीत, गोदीत, कारखान्यात माणसं तेवढ्या शिदोरीवर दिवसभराचं काम उरकतात. म्हणजे अडचण शब्द नसण्याची नव्हती, शब्द छापण्याची होती. रशियातल्या बोली-इंग्रजीच्या अनुवादाचा इतिहास हा बराचसा या एकाच अडचणीचा इतिहास आहे, असं माझं मत होत चाललं आहे.

त्यातही एक मेख आहे. इंग्रजी शिवी आणि रशियन 'मात' यांचं वजन सारखं नाही. होल्डनच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी देवाच्या नावाने येणारं 'डॅम' हे चहातल्या आल्यासारखं असतं, त्याने कुणाला ठसका लागत नाही. त्या जागी 'मात'मधला शब्द ठेवला तर शाळकरी पोर एकदम बंदरावरचा हमाल वाटू लागेल. राइट-कोवाल्योवांनी 'चोर्त', म्हणजे सैतान, आणि त्याच्या भावंडांवर भागवलं. ढोंगी माणसांसाठी होल्डनचा एकच लाडका शब्द आहे, 'फोनी'. त्यासाठी त्यांना 'लिपा' सापडला. लिपा हे एका झाडाचं नाव, पण बोलण्यात खोट्या कागदपत्राला, बनावट मालाला लिपा म्हणतात. रशियन माणसाला तो शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. मात्र इंग्रजीत तोच तो शब्द होल्डन हट्टाने उगाळतो, आणि रशियन शैलीला पुनरुक्ती खपत नाही. म्हणून 'लिपा'च्या शेजारी इतर शब्दही आले, आणि पोराच्या बोलण्यातला तो अडकलेल्या तबकडीसारखा हेका थोडा बोथट झाला.

सगळ्यात अवघड जागा कादंबरीच्या शेवटाकडे येते. धाकट्या बहिणीच्या शाळेच्या भिंतीवर कुणीतरी दोन शब्दांची घाणेरडी शिवी लिहिलेली होल्डनला दिसते. लहान मुलं हे वाचतील या कल्पनेनेच तो कासावीस होतो. इंग्रजीत ते दोन शब्द छापलेले आहेत. रशियन पानावर त्यांच्या जागी एकच शब्द आहे, 'पोखाब्श्चिना'. म्हणजे अश्लील मजकूर. काय मजकूर, ते वाचकाने आपल्या मनात भरून घ्यायचं. मला ही तडजोड वाईट वाटत नाही. प्रसंग होल्डनच्या लाजेचा आणि संतापाचा आहे, आणि तो संताप रशियनमध्ये शाबूत राहिला.

नावाचीही तीच गत. 'कॅचर'मागे बेसबॉलचा झेल्या उभा आहे आणि रशियात बेसबॉल कुणाला ठाऊक होता? राइट-कोवाल्योवांनी शब्द सोडला आणि कादंबरीतलं दृश्य उचललं. राय नावाच्या धान्याच्या शेतात मुलं खेळताहेत, शेताच्या टोकाला कडा आहे. 'नाद प्रोपास्त्यू वो र्झी', म्हणजे कड्याच्या टोकावर, रायच्या शेतात. या नावामागे असलेल्या रॉबर्ट बर्न्सच्या गाण्याचा सामुईल मार्शाक यांनी केलेला अनुवाद रशियन वाचकांना परिचित होता, आणि स्वतः राइट-कोवाल्योवांनी वर्षभरापूर्वीच बर्न्सचं चरित्र लिहिलं होतं. म्हणजे निदान या एका कोपऱ्यात जमीन आधीच नांगरलेली होती.

कोर्नेइ चुकोव्हस्की हे अनुवादाच्या बाबतीत रशियातलं सर्वोच्च न्यायालय. मुलांचे लाडके कवी, 'टॉम सॉयर'चे अनुवादक, आणि 'वीसोकोये इस्कुस्त्वो' या अनुवादकलेवरच्या ग्रंथाचे कर्ते. होल्डनच्या बोलण्यातला रांगडेपणा राइट-कोवाल्योवांनी सौम्य केला, हे त्यांनी नोंदवलं आणि तरीही अनुवादाला भरघोस दाद दिली. पुढच्याच वर्षी 'यूनोस्त' मासिकात वासिली अक्स्योनोव्हची 'झ्व्योझ्द्नी बिल्येत' ही कादंबरी आली. मॉस्कोची तरुण पोरं त्यात आपल्या बोलीत बोलत होती आणि टीकाकारांना लगेच सॅलिंजर आठवला. (आपल्याकडे १९६३ च्या 'कोसला'चंही हेच झालं. पांडुरंग सांगवीकर आणि होल्डन यांना शेजारी बसवण्याची टीकाकारांची हौस अजून फिटलेली नाही.)

बोलीच्या अनुवादात शिव्यांपेक्षाही जास्त छळणारी गोष्ट अगदी साधी दिसते. इंग्रजीत समोरच्यासाठी एकच 'यू'. रशियनमध्ये 'ती' आणि 'वी', आपल्या तू आणि तुम्हीसारखे. होल्डन त्याच्या म्हाताऱ्या मास्तरांशी बोलतो, आगगाडीत वर्गमित्राच्या आईशी बोलतो, टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालतो, हॉटेलच्या खोलीत आलेल्या जवळजवळ त्याच्याच वयाच्या वेश्येशी अवघडून गप्पा मारतो. प्रत्येक ठिकाणी अनुवादकाला ठरवावं लागतं, अंतर किती आणि ते कोणत्या वाक्याला मिटतं. मूळ लेखकाने हा निर्णय घेतलेलाच नसतो. मराठी अनुवादकाला हे दुखणं निराळं सांगायला नको. पण भरपाईही तिथेच आहे. रशियनमध्ये 'झे', 'नू', 'वेद्', 'उझ' असे इवलेसे अव्ययी शब्द आहेत, आपल्या 'ना', 'की', 'बुवा', 'बरं का' यांच्या जातीचे. वाक्यात योग्य जागी एक टाकला की छापील वाक्य बोलू लागतं. शिवाय लघुत्वदर्शक प्रत्यय. होल्डन आपल्या दहा वर्षांच्या बहिणीला लाडाने 'ओल्ड फीबी' म्हणतो. रशियनमध्ये ती 'स्तारुश्का फीबी' झाली. स्तारुश्का म्हणजे म्हातारी, पण शेवटच्या त्या 'श्का'मुळे म्हातारपण जाऊन नुसती माया उरते. इथे तर अनुवाद मुळापेक्षा फायद्यात राहिला.

अशा फायद्या-तोट्याचा हिशेब रशियात फार आधीपासून मांडला जात होता. १८४० च्या दशकाच्या अखेरीस इरिनार्ख व्वेदेन्स्की यांनी डिकन्स रशियनमध्ये आणला. लेखक आपल्या आकाशाखाली जन्मला असता तर कसा लिहिता, तसं लिहावं, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या 'पिकविक'मध्ये लंडनची माणसं रशियन गप्पिष्टांसारखी बोलतात, आणि हात सैल सुटला की व्वेदेन्स्की पदरचे परिच्छेदही घालतात. पिकविकचा नोकर सॅम वेलर 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांची अदलाबदल करत खास लंडनी गल्लीतलं बोलतो. ही अदलाबदल रशियन लिपीत दाखवताच येत नाही, कारण तिथे त्या दोन ध्वनींसाठी अक्षर एकच. १९३० च्या दशकात येव्गेनी लान आणि अलेक्सांद्रा क्रिव्त्सोव्हा यांनी 'पिकविक'चा शब्दाला शब्द लावणारा चोख अनुवाद केला. चुकोव्हस्कींनी दोन्ही तपासले. व्वेदेन्स्कींच्या चुकांची त्यांनी यादीच दिली, पण वाचताना हसू फुटतं ते त्या चुकार अनुवादातच, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मात्र आकाश बदलायलाही मर्यादा असते. न्यूकॅसलला कोळसा नेणं, म्हणजे जिथे जे मुबलक आहे तिथे तेच घेऊन जाणं, यासाठी रशियनमध्ये तयार म्हण आहे. समोवारांसाठी प्रसिद्ध असलेल्या तुला शहरी आपला समोवार घेऊन जाणं. अर्थ तंतोतंत जुळतो आणि तरी वापरता येत नाही, कारण लंडनच्या माणसाच्या तोंडी तुलाचा समोवार आला की लंडनच नाहीसं होतं. मराठीतही इंग्रज हमाल 'मारुतीच्या शेपटासारखं लांबलंय' म्हणाला तर आपण पुस्तक मिटून त्याच्याकडे बघत बसू. म्हणून चांगले अनुवादक गावाचा, देवाचा, पदार्थाचा शिक्का नसलेल्या म्हणी शोधतात. डुकरं उडतील तेव्हा, असं इंग्रजीत म्हणतात. रशियन माणूस म्हणतो, 'खेकडा डोंगरावर शीळ घालेल तेव्हा'. हा खेकडा कुठल्याही देशात चालतो. मरण्याला इंग्रजीत बादली लाथाडणं म्हणतात, रशियन बोलीत 'पेटीत पडणं' किंवा 'स्केट्स भिरकावणं'. हेही चालतं.

पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' (१९७५) केली तेव्हा हा पेचच त्यांनी निकालात काढला. लंडनची एलायझा मुंबईची मंजुळा झाली, आणि जात, गल्ली, पेठ यांचे सगळे उच्चार मराठीत हाताशी होतेच. रशियन अनुवादकाला ही मोकळीक नव्हती. एलायझाला लंडनमध्येच राहायचं होतं आणि रशियन बोलायचं होतं. त्यात रशियन उच्चारांवरून माणसाचा प्रांत कळतो. 'ओ' ठसठशीत म्हणणारा उत्तरेकडचा किंवा व्होल्गाकाठचा, 'ग' घशातून 'ह'सारखा काढणारा दक्षिणेचा. एलायझाला तसा 'ग' दिला तर ती थेट रोस्तोव्हहून आलेली वाटेल. म्हणून रशियन एलायझाचे उच्चार फारसे बिघडत नाहीत, बिघडतं ते व्याकरण. अशुद्ध, अर्धशिक्षित शहरी बोलण्याला रशियनमध्ये 'प्रोस्तोरेचिये' असं नाव आहे. अनुवादकांची ही हुकमी पेटी. निग्रो गुलाम असो, लंडनची फुलवाली असो की मिसिसिपीचा नावाडी, सगळ्यांना त्याच पेटीतले कपडे मिळाले. त्यामुळे सगळे थोडे एकमेकांसारखे दिसू लागले, ही तक्रार मला रास्त वाटते.

नोरा गाल यांनी १९७२ साली 'स्लोवो झिवोये इ म्योर्त्वोये' हे पुस्तक लिहून, म्हणजे जिवंत शब्द आणि मेलेला शब्द अशी विभागणी करून, अनुवादकांच्या दोन पिढ्यांना धारेवर धरलं. त्यांचा राग शिव्यांवर नव्हता, सरकारी भाषेवर होता. चुकोव्हस्कींनी या रोगाला 'कांत्सेल्यारीत' असं नाव ठेवलं होतं, सांधेदुखीच्या आजाराला ठेवावं तसं. पात्र भाजी चिरत बोलत असलं तरी त्याच्या तोंडी परिपत्रक. गाल स्वतः काय करत ते पाहायचं तर रायसा ओब्लोन्स्काया यांच्यासोबत त्यांनी केलेला 'टु किल अ मॉकिंगबर्ड'चा अनुवाद वाचावा. लहान मुलीचं कथन त्यात खरोखर लहान मुलीच्या श्वासाचं आहे.

हे सगळं सावकाश, टेबलाशी बसून, संपादकांच्या तीन-चार चाळण्यांतून जाणारं काम. सरकारी मोबदला, भरपूर वेळ, आणि वर बसलेला सेन्सॉर. पडद्यावरही तीच शिस्त. मेरिलीन मन्रोचा 'सम लाइक इट हॉट' १९६६ साली सोव्हिएत पडद्यावर आला तेव्हा त्याचं नाव झालं 'जॅझमध्ये फक्त मुली'. शेवटी नवरदेवाला कळतं की नवरी पुरुष आहे आणि तो शांतपणे म्हणतो की परिपूर्ण कुणीच नसतं. रशियन डबिंगमध्ये तो म्हणतो, प्रत्येकात काही ना काही खोट असायचीच. ते वाक्य रशियात आजही सुनेबद्दल, साहेबाबद्दल, स्वतःबद्दल सर्रास ऐकू येतं.

मग व्हीसीआर आला.

'एलेक्त्रोनिका व्हीएम-१२' हा सोव्हिएत बनावटीचा व्हीसीआर १९८४ पासून बाजारात मिळू लागला. परदेशी यंत्रं त्याआधीपासून खलाशी, राजनैतिक अधिकारी, दौऱ्यावरचे कलाकार आणत होतेच. कॅसेटवर हॉलिवूड, आणि हॉलिवूडवर रशियन अनुवाद बोलणाऱ्या एकाच पुरुषाचा आवाज. नायक, नायिका, खुनी, आजी, बाळ, सगळ्यांचं तोच बोलणार. मागून मूळ इंग्रजी ऐकू येत राहणार आणि हा दीड-दोन सेकंद मागे धावणार. हाती संहिता नसे, पुष्कळदा चित्रपट आधी पाहिलेलाही नसे. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक, एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत. ही कला मॉस्कोच्या चित्रपट महोत्सवात आणि बड्या लोकांसाठीच्या बंद दाराआडच्या खेळांत घडली होती, तिथून ती चोरट्या कॅसेटींवर आली. अलेक्सेइ मिखाल्योव्ह हे मुळात फार्सीचे जाणकार. आंद्रेइ गाव्रिलोव्ह यांचा आवाज कोरडा, अलिप्त. आणि लिओनिद वोलोदार्स्की, ज्यांचं नाकातलं बोलणं अख्ख्या देशाच्या कानात बसलं. केजीबीला आवाज ओळखता येऊ नये म्हणून ते नाकाला कपड्याचा चिमटा लावतात, अशी वदंता होती. खरं कारण मोडलेलं नाक.

भीती मात्र खोटी नव्हती. अश्लील चित्रफिती दाखवल्याच्या कलमाखाली माणसं तुरुंगात गेली, आणि अश्लील काय हे ठरवणारी तज्ज्ञ समिती कधी कधी पूर्ण निरुपद्रवी चित्रपटालाही तो शिक्का मारी. सोव्हिएत पोलीस म्हणजे मिलिशिया आधी मजल्याची वीज तोडते आणि मग दार ठोठावते, म्हणजे कॅसेट यंत्रात अडकून पुरावा जागेवर सापडतो, ही हकीकत त्या काळातले अनेकजण सांगतात.

सेन्सॉर नाही, संपादक नाही, छापखाना नाही. म्हणजे आता तरी 'मात' मोकळी सुटायला हवी होती. गंमत अशी की ती फारशी सुटली नाही. वोलोदार्स्की 'मात' वापरायच्या ठाम विरोधात होते. रशियन शिवी इंग्रजीपेक्षा जड पडते, हाच त्यांचा मुद्दा. वेळ तर नव्हताच. दोन सेकंदांत समर्पक बोली सुचत नाही, सुचतो तो शब्दाला शब्द. त्यातून 'स्रान गोस्पोद्न्या' जन्माला आलं. 'होली शिट'चं हे अक्षरशः रूपांतर, म्हणजे परमेश्वराची विष्ठा. त्याआधी कुठल्याही रशियन माणसाने पायावर हातोडा पडल्यावर असं काही म्हटलं नसेल. पण कॅसेटी पाहून वाढलेली पिढी ते हसत हसत म्हणू लागली.

बाकीचं मात्र हसत हसत आलं नाही, न कळत आलं. अपघात झाला की हॉलिवूडमध्ये विचारतात, 'आर यू ओके?' रशियन कॅसेट म्हणू लागली, 'ती व् पर्याद्के?' 'व् पर्याद्के' म्हणजे ठाकठीक, व्यवस्थित. हे कागदपत्रांबद्दल, कामांबद्दल म्हणत. माणूस पडला तर 'लागलं का रे?' असं विचारायची रीत होती. आता मॉस्कोच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाला कागदासारखंच विचारतात. 'चांगला दिवस असो' हा दुकानातला निरोपही असाच आयात. जुन्या अनुवादकांनी ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं ती इंग्रजी वळणं रशियन घरात राहायला आली, आणि ती छापील पुस्तकांतून आली नाहीत, कानांतून आली. आपण 'दिवसाच्या शेवटी' असं म्हणू लागलो ते तरी कुठून?

राजकारणात अशा आयातीचा एक भलताच नमुना जिनिव्हात दिसला. ६ मार्च २००९. हिलरी क्लिंटन यांनी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लाव्हरोव्ह यांना एक लाल बटण भेट दिलं. संबंध नव्याने सुरू करूया, या अर्थाने त्यावर 'रीसेट' लिहिलं होतं आणि शेजारी रशियन शब्द 'पेरेग्रुझ्का'. योग्य शब्द शोधायला आम्ही बरेच कष्ट घेतले, असं क्लिंटन म्हणाल्या. लाव्हरोव्ह यांनी तिथल्या तिथे सांगितलं की चुकलात. हवा होता 'पेरेझाग्रुझ्का'. बटणावर होता त्याचा अर्थ अतिरिक्त भार. वर तो रोमन लिपीत. क्लिंटन हसल्या, दोघांनी मिळून बटण दाबलं.

शिव्यांचा प्रश्न थेट अंगावर घेतला तो दिमित्री पुच्कोव्ह यांनी. 'गोब्लिन' या टोपणनावाने ते ओळखले जातात, एकेकाळी मिलिशियात नोकरी केलेली. मूळ चित्रपटात शिवी असेल तर माझ्या अनुवादात असेल, नसेल तर नसेल, हा त्यांचा साधा नियम. गाय रिचीच्या 'स्नॅच'ला अधिकृत वितरकांनी 'मोठं घबाड' अशा अर्थाचं नाव दिलं. गोब्लिनचं नाव एका क्रियापदाचं आहे आणि ते या अंकातही छापता येणार नाही. त्याच वेळी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची त्यांनी 'ब्रात्वा इ कोल्त्सो', म्हणजे टोळी आणि अंगठी, अशी गुंडांच्या बोलीतली टिंगलही केली. ती इतकी लोकप्रिय झाली की गंभीर अनुवादक म्हणून ते काय करू पाहत होते हे बरेच लोक विसरले. त्यांचा नियम प्रामाणिक आहे. पण एकास एक शिवी ठेवली की वजन पुन्हा चुकतं. अमेरिकन पात्राला चिडायला जेवढी शिवी लागते तेवढीच रशियनमध्ये घातली तर पात्र खून करायला निघालेलं वाटतं.

पुस्तकांतही हे होऊन गेलं. २००८ साली माक्स नेम्त्सोव्ह यांनी होल्डनला नव्याने बोलतं केलं. नाव, 'लोवेत्स ना ख्लेब्नोम पोले', म्हणजे धान्याच्या शेतातला पकडणारा. मूळ नावाच्या जवळचं. भाषा रांगडी, वेगवेगळ्या काळांतल्या बोलींची सरमिसळ. टीकाकार म्हणाले, हा श्रीमंत घरचा मुलगा नव्हे, शहराबाहेरच्या वस्तीतला टपोरी आहे. मला नेम्त्सोव्ह यांचं धाडस आवडतं. होल्डनचा हेका, त्याची तीच ती पुनरुक्ती त्यांनी सोडली नाही, आणि मुळात ती आहे. पण वाचताना कान ताणावा लागतो, राइट-कोवाल्योवांचा होल्डन मात्र आपणहून बोलत राहतो. लेनिनग्राद सोडून न्यूयॉर्कला गेलेल्या लेखक सर्गेई दोव्लातोव्हने अमेरिकन लेखक गोर विदालच्या नावावर एक शेरा नोंदवून ठेवला आहे की अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगटच्या कादंबऱ्या मुळात वाचल्या तर बऱ्याच फिक्या पडतात. व्हॉनेगटचा रशियन अनुवाद राइट-कोवाल्योवांचाच. दोव्लातोव्हच्या आठवणी आणि थापा यांच्यातली रेघ त्याने स्वतःच पुसून ठेवली आहे, त्यामुळे विदाल असं खरंच म्हणाला का, ते जाऊ द्या. व्हॉनेगटने मात्र या बाईंना अमेरिकेचं निमंत्रण मिळावं म्हणून १९७३ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक-पुरवणीत जाहीर आवाहन केलं होतं, हे छापील आहे.

१ जुलै २०१४ पासून रशियात चित्रपट, रंगमंच आणि मैफलींत 'मात'ला कायद्याने बंदी आहे. पुस्तकात ती असेल तर प्रत सीलबंद वेष्टनात आणि वर इशारा. म्हणजे छापलं, पण झाकून. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांनी रशियातलं प्रदर्शन थांबवलं. तरी 'बार्बी' २०२३ साली रशियन थिएटरांत चालला. तिकीट एका छोट्या रशियन चित्रपटाचं, आणि त्याच्या आधी 'मोफत' हॉलिवूड. आवाज अनधिकृत डबिंगचा, इंटरनेटवर जमलेल्या कलाकारांनी केलेला. वोलोदार्स्की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. आता चित्रपट चकचकीत बहुआवाजी डबिंगमध्ये मिळतात, तरीही शौकिनांचे गट आपसांत वर्गणी काढून जुन्या अनुवादकांकडून नव्या चित्रपटांवर मुद्दाम एकाच आवाजाची पट्टी करून घेतात. गाव्रिलोव्ह यांच्याकडे अशी कामं येत राहिली आहेत. कोरडा, अलिप्त, दीड सेकंद मागे.